विजय मर्चंट

संघ निवडणे हे काम दुरून पाहणाऱ्यास सोपे वाटते. जो उत्तम खेळतो त्याला घ्यावे आणि जो खेळत नाही त्याला वगळावे, एवढाच त्यात विचार असेल असा आपला समज असतो. परंतु मुळशी खोऱ्यातील पिरंगुटसारख्या गावच्या शाळेचा कबड्डीचा संघ असो, शहरातील फुटबॉलचा संघ असो, की साऱ्या देशाचा क्रिकेटचा संघ असो, निवड करणाऱ्यापुढे एक अवघड प्रश्न केव्हा ना केव्हा उभा राहतोच. खेळाडू गुणी आहे, त्याच्यावाचून संघ दुबळा होतो. पण त्याचे शरीर धड नाही. कोणाचा गुडघा दुखावलेला असतो, कोणाचा खांदा; कोणाच्या अंगातील बळ आजाराने हरपलेले असते. अशा खेळाडूस घ्यावे की घेऊ नये? घेतले आणि तो ऐन सामन्यात कोसळला, तर संघाचे नुकसान होते आणि त्याच्या देहासही जन्माची इजा पोहोचते. न घेतले, तर ज्याच्या हातून विजय मिळावयाचा तोच कदाचित घरी बसून राहतो.

भारतीय क्रिकेटच्या इतिहासात हा प्रश्न एकाच पुरुषापुढे दोन्ही बाजूंनी उभा राहिला. तारुण्यात तो स्वतः असा खेळाडू होता; उत्तर आयुष्यात तो इतरांची निवड करणारा झाला. दोन्ही वेळी त्याने दिलेली उत्तरे वरवर पाहता एकमेकांच्या उलट दिसतात. पण थोडा विचार केला म्हणजे ती एकाच विवेकातून निघालेली आहेत हे ध्यानात येते. तो पुरुष म्हणजे मुंबईचे थोर फलंदाज विजय मर्चंट.

विजय मर्चंट यांचा जन्म १२ ऑक्टोबर १९११ रोजी मुंबईत एका धनाढ्य गुजराती कुटुंबात झाला. त्यांचे मूळ नाव विजय माधवजी ठाकरसी. ठाकरसी हे मुंबईतील कापड गिरण्यांचे मालक असलेले नामांकित घराणे होय. महर्षी कर्वे यांनी स्त्रियांसाठी स्थापन केलेल्या विद्यापीठाला १९२० साली पंधरा लक्ष रुपयांची देणगी देणारे सर विठ्ठलदास ठाकरसी हे याच घराण्यातील. विजय यांना मर्चंट हे आडनाव मिळाले ते मात्र एका गमतीच्या गैरसमजामुळे. शाळेत नाव दाखल करताना त्यांना वडिलांचा व्यवसाय विचारण्यात आला. वडील व्यापारी असल्याचे त्यांनी इंग्रजीत सांगितले, आणि व्यापारी या अर्थाचा मर्चंट हा शब्दच त्यांच्या नावापुढे आडनाव म्हणून लिहिला गेला. पुढे हेच नाव जगभर झाले.

घरी संपत्ती होती. परंतु संपत्तीने धावा काढता येत नाहीत. मर्चंट यांची उंची बेताची आणि शरीरयष्टी साधारण होती. चेंडू मैदानाबाहेर भिरकावून देणारी राक्षसी ताकद त्यांच्या मनगटात नव्हती. त्यांनी आपला खेळ उभारला तो अभ्यासावर. पाय कोठे टाकावा, डोके किती स्थिर ठेवावे, चेंडू किती उशिरा खेळावा, याचा त्यांनी गणिताप्रमाणे विचार केला. चेंडू यष्टिरक्षकाच्या हाती जाणार असे वाटत असतानाच त्याला बॅटचा हलका स्पर्श करून सीमेकडे धाडण्याचा लेट कट नावाचा फटका त्यांच्या खेळात विशेष शोभून दिसे. सिडनहॅम महाविद्यालयात असतानाच त्यांच्या फलंदाजीची कीर्ती मुंबईभर पसरली.

त्यांच्या स्वभावाचा कणखरपणा प्रथम दिसून आला तो खेळून नव्हे, तर न खेळून. १९३२ साली भारताचा संघ आपला पहिला कसोटी सामना खेळण्यासाठी इंग्लंडला जावयाचा होता. कोणत्याही तरुण खेळाडूला हुरहुर लागावी अशी ती संधी होती. परंतु त्या वेळी महात्मा गांधी व देशाचे इतर अनेक पुढारी तुरुंगात होते. देशावर असा प्रसंग असताना दौऱ्यात भाग घेऊ नये, अशी मुंबईच्या हिंदू जिमखान्याची भूमिका होती. मर्चंट आणि त्यांचे ज्येष्ठ सहकारी एल. पी. जय यांनी त्या दौऱ्यापासून दूर राहणे पसंत केले. वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षी मर्चंट यांनी हा त्याग केला. संघात आपले नाव असणे ही जगातील सर्वांत मोठी गोष्ट नव्हे, हे त्यांनी इतक्या लवकर ओळखले होते.

डिसेंबर १९३३ मध्ये मुंबई जिमखान्याच्या मैदानावर भारतभूमीवरील पहिला कसोटी सामना झाला, आणि त्याच सामन्यात मर्चंट भारताकडून प्रथम खेळले. १९३६ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांच्या खेळाला खरा बहर आला. मँचेस्टरच्या कसोटी सामन्यात दुसऱ्या डावात भारत बराच मागे पडलेला असताना मर्चंट आणि मुश्ताक अली हे सलामीला आले. एक संयमी व काटेकोर, तर दुसरा बेधडक व लहरी. या दोघांनी पहिल्या गड्यासाठी २०३ धावांची भागी रचली. मर्चंट यांनी ११४, तर मुश्ताक अली यांनी ११२ धावा केल्या. त्या संपूर्ण दौऱ्यात मर्चंट यांच्या १,७४५ धावा झाल्या आणि इंग्लंडमधील जाणकारांनी त्या वर्षीच्या पाच श्रेष्ठ क्रिकेटपटूंत त्यांची गणना केली.

त्यानंतर दुसरे महायुद्ध आले आणि देशादेशांतील सामने बंद पडले. १९३६ पासून १९४६ पर्यंत भारताला एकही कसोटी सामना खेळता आला नाही. फलंदाजाच्या आयुष्यातील पंचविशी ते पस्तिशी हा काळ सर्वांत फलदायी मानतात. मर्चंट यांचा तोच काळ कसोटी क्रिकेटच्या दृष्टीने वाया गेला. तथापि देशातील सामन्यांत त्यांनी धावांच्या राशी घातल्या. १९४३-४४ च्या मोसमात महाराष्ट्राविरुद्धच्या रणजी करंडक सामन्यात त्यांनी नाबाद ३५९ धावा काढल्या. त्याच मोसमात पंचरंगी सामन्यांत त्यांची आणि सांगलीचे सुपुत्र विजय हजारे यांची जणू शर्यतच लागली होती. हजारे यांनी २४८ धावा कराव्यात, मर्चंट यांनी नाबाद २५० करून त्यांना मागे टाकावे, आणि लगेच हजारे यांनी ३०९ धावांचा डोंगर रचावा, असा तो अपूर्व सोहळा मुंबईकरांनी पाहिला.

१९४६ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर मर्चंट उपकर्णधार म्हणून गेले. पावसाळी हवा, ओलसर खेळपट्ट्या आणि वयाची पस्तिशी, या साऱ्यांवर मात करून त्यांनी दौऱ्यात २,३८५ धावा केल्या. ओव्हल येथील कसोटीत ते १२८ धावांवर असताना एक मौजेचा प्रकार घडला. इंग्लंडचे डेनिस कॉम्प्टन हे आर्सेनल या प्रसिद्ध संघाकडून फुटबॉलही खेळत. चेंडू हाताने उचलून फेकण्याइतका अवधी नाही हे पाहताच त्यांनी तो सरळ पायाने यष्ट्यांवर मारला आणि मर्चंट धावबाद झाले. जो फलंदाज गोलंदाजांना दाद देत नव्हता, त्याला अखेर फुटबॉलपटूच्या पायाने बाद केले!

आता मर्चंट यांच्या आयुष्यातील सर्वांत कठीण प्रसंग आला. १५ ऑगस्ट १९४७ रोजी भारत स्वतंत्र झाला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस भारताचा संघ प्रथमच ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर जावयाचा होता. पाच कसोटी सामने, जगातील सर्वांत बलाढ्य संघ आणि त्याचे नेतृत्व करणारे डॉन ब्रॅडमन! या दौऱ्यासाठी भारताचे कर्णधार म्हणून विजय मर्चंट यांची निवड झाली होती. स्वतंत्र भारताच्या क्रिकेट संघाचा पहिला कर्णधार होण्याचा मान त्यांची वाट पाहत होता. ब्रॅडमन यांच्या देशात, ब्रॅडमन यांच्या समोर खेळण्याची अशी संधी त्यांच्या वयाच्या खेळाडूस पुन्हा मिळण्याचा संभव जवळजवळ नव्हता.

परंतु त्यांच्या प्रकृतीने दगा दिला. शरीर दीर्घ दौऱ्याचे कष्ट सोसण्याच्या स्थितीत नव्हते. अशा वेळी मनुष्याच्या मनात काय येत असेल याची कल्पना करता येते. आज बरे नाही, पण तेथे पोहोचेपर्यंत बरे वाटेल. पहिला सामना चुकला तरी दुसरा खेळता येईल. नाव तरी कर्णधार म्हणून लागेल. मनाची समजूत घालण्यास अशी शेकडो कारणे सापडतात. संघालाही त्यांची गरज होती. तरीही मर्चंट दौऱ्यातून बाजूस झाले. कर्णधारपद लाला अमरनाथ यांच्याकडे गेले आणि मर्चंट मुंबईतच राहिले.

या निर्णयाचे मोल समजण्यासाठी दौऱ्यावरील संघाची रचना ध्यानात घेतली पाहिजे. त्या काळी क्रिकेटमध्ये जखमी खेळाडूच्या जागी दुसरा मनुष्य क्षेत्ररक्षणापुरता उभा करता येत असे. त्याला फलंदाजी किंवा गोलंदाजी करण्याची मुभा नसे. सामना सुरू झाल्यावर एखादा फलंदाज आजारी पडला, तर संघाला दहा जणांनिशीच झुंजावे लागे. मर्चंट हे तर नुसते फलंदाज नव्हते. ते सलामीचे फलंदाज आणि कर्णधार अशी दुहेरी जबाबदारी वाहणार होते. एका आजारी देहावर संघाचे दोन खांब उभे करावयाचे आणि तो देह परदेशात, मालिकेच्या मध्यावर खचला म्हणजे दोन्ही खांब एकदम कोसळावयाचे, असा तो धोका होता. त्या मालिकेत भारताचे चार सामने पराभवात गेले. मर्चंट असते तर काय झाले असते, अशी हळहळ क्रिकेटप्रेमींना पुढे अनेक वर्षे वाटत राहिली. परंतु निर्णयाचा बरेवाईटपणा केवळ नंतरच्या निकालावरून ठरवावयाचा नसतो. निर्णय घेताना हाती असलेल्या माहितीचा प्रामाणिकपणे विचार झाला की नाही, हीच त्याची खरी कसोटी होय.

पुढील वर्षी वेस्ट इंडीजचा संघ भारतात आला, तेव्हाही प्रकृतीमुळे मर्चंट खेळू शकले नाहीत. आता त्यांची कारकीर्द संपली असे अनेकांना वाटले. पण १९५१ च्या नोव्हेंबर महिन्यात दिल्लीच्या फिरोजशहा कोटला मैदानावर इंग्लंडविरुद्ध ते पुन्हा भारताकडून उतरले. वयाची चाळीस वर्षे नुकतीच पूर्ण झाली होती. मधल्या पाच वर्षांत त्यांनी एकही कसोटी सामना खेळला नव्हता. अशा स्थितीत त्यांनी १५४ धावा काढल्या आणि विजय हजारे यांच्यासमवेत तिसऱ्या गड्यासाठी २११ धावांची भागी केली. भारताकडून इतक्या वयात कसोटी शतक दुसऱ्या कोणीही केलेले नाही. येथे शरीराने साथ दिली, म्हणून ते खेळले. आणि खेळले ते असे.

मात्र त्याच सामन्यात क्षेत्ररक्षण करताना चेंडू अडविण्यासाठी त्यांनी झेप घेतली आणि त्यांच्या खांद्याला जबर दुखापत झाली. फलंदाजाचा खांदा म्हणजे सुताराचा हात. त्याच्या हालचालीवर बॅटचा प्रत्येक फटका अवलंबून असतो. नुकतेच दीडशतक ठोकलेल्या खेळाडूस आणखी काही सामने खेळण्याचा मोह सहज झाला असता, आणि लोकांनीही त्यांना हौसेने खेळविले असते. परंतु मर्चंट यांनी निवृत्ती पत्करली. दहा कसोटी सामने, ८५९ धावा आणि तीन शतके एवढीच त्यांची कसोटीतील कमाई. पण प्रथम श्रेणीच्या सर्व सामन्यांत मिळून त्यांनी १३,४७० धावा केल्या आणि त्यांची सरासरी ७१.६४ इतकी पडली. दीर्घकाळ खेळलेल्या फलंदाजांत ब्रॅडमन यांच्याखालोखाल ही सरासरी अतिशय श्रेष्ठ मानली जाते.

खेळ संपला तरी क्रिकेटशी असलेले नाते तुटले नाही. आकाशवाणीच्या विविध भारतीवरून त्यांचा क्रिकेटविषयक कार्यक्रम प्रसारित होऊ लागला आणि त्यांचा शांत, स्पष्ट आवाज घराघरांत ओळखीचा झाला. साठ ते सत्तर या दशकाच्या अखेरीस ते भारतीय संघाच्या निवड समितीचे अध्यक्ष झाले. ज्याने एकेकाळी स्वतःच्या प्रकृतीचा कठोर न्यायनिवाडा केला होता, त्याच्या हाती आता इतरांचा न्याय आला.

अध्यक्ष म्हणून त्यांनी तरुणांना संधी देण्याचे धोरण ठेवले. गुंडाप्पा विश्वनाथ, एकनाथ सोलकर यांसारखे नवे खेळाडू त्यांच्या काळात पुढे आले. १९७१ च्या आरंभी वेस्ट इंडीजच्या दौऱ्यासाठी कर्णधार निवडताना मते विभागली गेली, तेव्हा अध्यक्षाच्या निर्णायक मताने मन्सूर अली खान पतौडी यांच्याऐवजी मुंबईचे अजित वाडेकर यांची निवड झाली. त्या निर्णयाची देशभर चर्चा झाली. वाडेकर यांच्या संघाने वेस्ट इंडीजमध्ये मालिका जिंकून त्या चर्चेस उत्तर दिले.

त्याच वर्षी उन्हाळ्यात भारताला इंग्लंडच्या दौऱ्यावर जावयाचे होते आणि निवड समितीपुढे भागवत चंद्रशेखर यांचे नाव आले. चंद्रशेखर हे म्हैसूरचे. बालपणीच त्यांना पोलिओ झाला आणि त्यांचा उजवा हात कृश व दुर्बळ राहिला. क्षेत्ररक्षण करताना चेंडू फेकावयाचा झाल्यास ते डावा हात वापरीत. पण आश्चर्याची गोष्ट ही, की गोलंदाजी मात्र ते त्या दुर्बळ उजव्या हातानेच करीत. तो बारीक हात चाबकासारखा लवचिक फिरे आणि त्यातून सुटलेला चेंडू फिरकी गोलंदाजाच्या मानाने फार वेगाने येई. तो कोणीकडे वळेल याचा अंदाज फलंदाजाला लागत नसे. १९६४ च्या जानेवारीत मुंबईत इंग्लंडविरुद्ध त्यांनी कसोटी पदार्पण केले, तेव्हा ते अठरा वर्षांचे होते.

परंतु १९६७-६८ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात त्यांना दुखापत झाली आणि दौरा अर्धवट सोडून परतावे लागले. पुढे स्कूटरच्या अपघाताने त्यांना आणखी मागे खेचले. तीन वर्षांहून अधिक काळ त्यांनी कसोटी सामना खेळला नव्हता. त्यांच्यावाचून भारताने वेस्ट इंडीजमध्ये विजय मिळविला होता. बिशनसिंग बेदी, एरापल्ली प्रसन्ना आणि श्रीनिवास वेंकटराघवन असे तीन उत्तम फिरकी गोलंदाज संघात होते. मग पोलिओने एक हात दुबळा झालेला, दुखापतीमुळे मागे पडलेला आणि कधी अचूक तर कधी स्वैर गोलंदाजी करणारा चौथा फिरकी गोलंदाज कशासाठी न्यावयाचा? विरोध करणाऱ्याचा हा प्रश्न मुळीच चुकीचा नव्हता.

मर्चंट यांच्या समितीने चंद्रशेखर यांची निवड केली. ही निवड जोखमीची आहे हे मर्चंट यांनी लपविले नाही. पण ती डोळे उघडे ठेवून, हिशोब करून घेतलेली जोखीम होती. १९४७ सालच्या प्रसंगाशी तिची तुलना केली म्हणजे हा हिशोब कळून येतो. मर्चंट यांच्या आजारपणात संघाचे दोन आधारस्तंभ पणास लागले होते. चंद्रशेखर यांच्याबाबतीत पणास लागली होती ती दौऱ्यावरील संघातील एक जागा. ते अपयशी ठरते, तर त्यांची जागा घेण्यास प्रसन्ना सज्ज होते. उलट ते यशस्वी झाले, तर इतर तिघांजवळ नसलेले एक अस्त्र संघाला मिळणार होते. शिवाय पोलिओने त्यांच्या हाताचे जे व्हावयाचे ते बालपणीच झाले होते. त्या हाताने ते वर्षानुवर्षे गोलंदाजी करीत आले होते. खेळण्याने तो हात अधिक बिघडेल अशी भीती नव्हती. देहातील व्यंग आणि देहातील आजार यांत हा मोठा भेद आहे. व्यंग दिसते, पण काम करू देते. आजार कित्येकदा दिसत नाही, पण काम मध्येच सोडावयास लावतो.

मालिकेतील पहिले दोन सामने अनिर्णित राहिले. तिसरा सामना ऑगस्ट १९७१ मध्ये लंडनच्या ओव्हल मैदानावर झाला. इंग्लंडने पहिल्या डावात ३५५ धावा केल्या, भारताने २८४. इंग्लंडचे पारडे जड होते. पण दुसऱ्या डावात चंद्रशेखर यांच्या हाती चेंडू आला आणि सामन्याचे रूप पालटले. एड्रिच आणि फ्लेचर यांना त्यांनी पाठोपाठ तंबूत धाडले. सोलकर यांनी फलंदाजाच्या अगदी पायापाशी झेप घेऊन वेंकटराघवन यांच्या गोलंदाजीवर अॅलन नॉट यांचा झेल टिपला. पाहता पाहता इंग्लंडचा सारा डाव १०१ धावांत आटोपला. चंद्रशेखर यांनी केवळ ३८ धावा देऊन सहा गडी बाद केले होते. २४ ऑगस्ट १९७१ रोजी भारताने चार गडी राखून सामना जिंकला. इंग्लंडच्या भूमीवर भारताने जिंकलेला तो पहिला कसोटी सामना आणि पहिली मालिका होय. ज्या मैदानावर १९४६ साली मर्चंट धावबाद झाले होते, त्याच मैदानावर त्यांनी निवडलेल्या गोलंदाजाने इतिहास घडविला.

क्रिकेटच्या मैदानावर एका दुबळ्या हाताला न्याय मिळाला. पण देशात अशी असंख्य माणसे होती, की ज्यांना अपघाताने, आजाराने किंवा जन्मतःच आलेल्या व्यंगामुळे कोणीही कामावर घेत नसे. कोणाला दिसत नसे, कोणाचा पाय नसे, कोणाला ऐकू येत नसे. अशा माणसाला दया दाखवून दोन पैसे देणारे पुष्कळ भेटत. पण त्याला काय येते हे विचारून काम देणारा विरळा. मर्चंट यांनी आपल्या उत्तर आयुष्याचा मोठा भाग या कार्याला दिला. आपल्या गिरणीत त्यांनी अपंगांना कामे दिली. अंधांसाठी काम करणाऱ्या संस्थेत त्यांनी मोलाचा वाटा उचलला. अपंगांना समान संधी मिळावी यासाठी १९६८ साली मुंबईत स्थापन झालेल्या संस्थेचे तर ते आधारस्तंभच होते. कामाला माणूस घेताना त्याला काय करता येत नाही याची यादी न करता, नेमून दिलेले काम त्याला करता येते की नाही एवढेच पाहावे, हे तत्त्व त्यांनी तेथेही पाळले.

या कार्याचे एक तेजस्वी फळ १९७२ साली साऱ्या जगाने पाहिले. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूर येथील मुरलीकांत पेटकर हे सैन्यातील जवान आणि उत्तम मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या भारत-पाक युद्धात त्यांना गोळ्या लागल्या. प्राण वाचले, परंतु कमरेखालचे शरीर लुळे पडले. उपचाराचा भाग म्हणून ते पाण्यात उतरू लागले आणि पोहता पोहता त्यांतील क्रीडापटू पुन्हा जागा झाला. १९७२ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथे अपंगांच्या जागतिक क्रीडास्पर्धा भरावयाच्या होत्या. त्या काळी अशा खेळाडूंना परदेशी धाडण्याचा विचार फारसा कोणी करीत नसे. मर्चंट यांच्या संस्थेने साहाय्य केले आणि पेटकर व त्यांचे सहकारी यांच्या प्रवासाची सोय झाली.

हायडेलबर्गच्या तलावात पन्नास मीटर अंतराच्या शर्यतीत पेटकर यांनी ३७.३३ सेकंदांत अंतर तोडून सुवर्णपदक पटकाविले. पॅरालिंपिक या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या क्रीडास्पर्धांतील भारताचे ते पहिले सुवर्णपदक होय. पाय निकामी झालेल्या जवानाला धावण्याच्या संघात कोणी घेतले नसते, आणि ते योग्यच झाले असते. परंतु पाण्यात त्याचे दोन्ही हात त्याला वाहून नेण्यास समर्थ होते. पाण्यातील शर्यतीसाठी तो सर्वस्वी लायक होता. पुढे २०१८ साली भारत सरकारने पेटकर यांना पद्मश्री देऊन गौरविले.

२७ ऑक्टोबर १९८७ रोजी विजय मर्चंट यांचे मुंबईत निधन झाले. सोळा वर्षांखालील मुलांसाठी खेळल्या जाणाऱ्या राष्ट्रीय क्रिकेट स्पर्धेला त्यांचे नाव देण्यात आले आहे. दरवर्षी निरनिराळ्या राज्यांतील मुले विजय मर्चंट करंडकासाठी झुंजतात.

मर्चंट यांनी काढलेल्या धावा पुस्तकांत नोंदलेल्या आहेत. पण त्यांच्या चरित्रातून मिळणारा विवेक त्या आकड्यांहून मोलाचा आहे. स्वतःची प्रकृती ठीक नसताना त्यांनी देशाचे कर्णधारपद सोडले; आणि पोलिओने हात दुबळा झालेल्या गोलंदाजास त्यांनीच देशाच्या संघात स्थान दिले. या दोन गोष्टींत विसंगती नाही. दोन्ही वेळी त्यांनी एकच प्रश्न विचारला. समोर असलेले काम या देहाला पार पाडता येईल काय, आणि न आले तर त्याची किंमत कोणाला मोजावी लागेल? खेळाडूने आपली दुखापत लपवू नये, कारण तिचा भार अखेर साऱ्या संघावर पडतो. निवड करणाऱ्याने व्यंग पाहून तोंड फिरवू नये, कारण त्या व्यंगामागे एखादे असामान्य सामर्थ्य दडलेले असू शकते. एकाने सत्य सांगावे, दुसऱ्याने ते नीट तपासावे. मग निवड कोणतीही होवो, ती न्यायाचीच होईल.